मालतीताईंचं 'येते'

"वर्षामावशी, आजी गेला..." ईशाचा फोन आला तेव्हा मी क्रॉयडनच्या ट्रॅममध्ये उभी होते, हातात भाजीची पिशवी. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "गेली गं, गेली म्हणायचं." जीभ झडली असती तर बरं झालं असतं! पलीकडे पोर रडतेय आणि मी तिचं व्याकरण तपासतेय. तिच्या आजीने, म्हणजे आमच्या मालतीताईंनी, याच सवयीवरून मला एकदा भर वाळवंटात सगळ्या बायकांसमोर गप्प केलं होतं. त्याला आता वर्ष झालं.

मालतीताई नागपूरच्या शाळेत इतिहास शिकवायच्या. लग्न होऊन इकडे इंग्लंडला आल्या, तेव्हा त्यांच्या पदवीला इथे कुणी विचारलं नाही. मग एका प्रायमरी स्कूलमध्ये डिनर लेडी म्हणून पोरांना मटार आणि कस्टर्ड वाढत वाढत रिटायर झाल्या. कुरकूर म्हणून कधी नाही. एकच हट्ट होता, पेट्रा बघायचं. जॉर्डनच्या वाळवंटात डोंगर कोरून काढलेलं ते दोन हजार वर्षांपूर्वीचं शहर. "फळ्यावर किती वेळा काढलंय गं मी ते. एकदा हात लावून बघायचंय." आमच्या शनिवारच्या वॉकिंग ग्रुपने मेच्या बँक हॉलिडेच्या जोडसुट्टीत नेमकं तेच ठरवलं. यादी करायला मी. ताईंचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले, म्हणून त्यांचं नाव मी सरळ गाळलं. दुसऱ्या दिवशी बाई दारात हजर! अंगावर साडी, पायात करकरीत नवे ट्रेनर्स. "मी येणारे. नातही येतेय मँचेस्टरच्या युनिव्हर्सिटीतून. तुला माझा हात धरावा लागणार नाही."

पेट्रात खालचं सगळं त्यांनी हिंडून पाहिलं. पण ज्याचं चित्र त्या फळ्यावर काढायच्या, ते सगळ्यात मोठं कोरीवकाम डोंगराच्या माथ्यावर होतं आणि वर जायला शेकडो पायऱ्या. पायथ्याच्या चहाच्या टपरीपाशी मी माझी लीडरकी गाजवली. "ताई, उगाच हट्ट नको. तुम्ही गाडीने हॉटेलवर जा, आम्ही फोटो आणतो." त्यांनी एकदा वर बघितलं. चेहरा एवढासा झाला... मग पर्स खांद्याला लावली, "बरं. येते मी," म्हणाल्या आणि गाडीच्या दिशेने वळल्या. निघताना आपण 'जाते' कुठे म्हणतो! पण ब्रिस्टलमध्ये जन्मलेल्या ईशाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. ती उडीच मारून ओरडली, "ओ माय गॉड, आजी येते! गाइज, शी इज कमिंग!" बायकांनी टाळ्या पिटल्या. मी घाईघाईने म्हटलं, "अगं वेडे, त्या जाते म्हणताहेत!" "नो मावशी, येते म्हणाली. मी ऐकला."

मालतीताईंनी नातीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वर्षा, मुलीचं मराठी दुरुस्त करू नकोस. तिला बरोबर कळलंय." आणि खाली बसून बुटांच्या नाड्या आवळल्या.

बारा पायऱ्या चढायच्या, थांबायचं, पुन्हा बारा. एका हाताला ईशा आणि दुसऱ्या हाताला, हो, मीच. पर्यटकांना वर नेणाऱ्या गाढवावर बसायला मात्र साफ नकार. "त्या बिचाऱ्याचेही गुडघे माझ्यासारखेच असतील." मी घड्याळ बघत धुसफुसत होते. त्या धापा टाकत टाकत हसत होत्या. आणि शेवटची पायरी संपली, वळण घेतलं, समोर ते सोनेरी, अवाढव्य दार! आम्ही सगळ्या रडलो. त्या नाही. त्या चालत गेल्या, दगडावर तळवा टेकवला, पदर खोचला आणि फर्मावलं, "बसा गं सगळ्या खाली." एक खडा उचलून त्यांनी वाळूत उंटांच्या तांड्यांचे रस्ते काढले. हे शहर कोरणाऱ्या लोकांनी खडकात पन्हळी खोदून पावसाचा थेंब न् थेंब कसा साठवला, ते सांगितलं. ईशा इंग्रजीत सांगत होती, म्हणून वाटेवरचं एक इंग्रज जोडपंही मांडी घालून बसलं. काय तो आवाज! इतकी वर्षं मटारांखाली दबून राहिला होता. शेवटी त्यांनी हात झटकले. "काही शंका?" मी हात वर केला. "बाई, माझं चुकलं." "बस खाली," बाई म्हणाल्या आणि असं काही हसल्या की त्या दिवशी सत्तरी ओलांडलेल्या बाई ग्रुपमध्ये सगळ्यांत तरुण दिसत होत्या.

परवा त्यांच्या घरी गेले. त्यांना जाऊन महिना झाला, तरी दाराशी ते ट्रेनर्स तसेच, शिवणीत अजून पेट्राची ती गुलाबी वाळू. त्यांनी ते कधी धुऊच दिले नाहीत. ईशा मँचेस्टरला निघाली होती. बसकण मारून तिने आजीचे बूट पायात चढवले, नाड्या आवळल्या. "बघ मावशी, फिट बसतो! पुढच्या वीकेंडला वेल्समधला स्नोडन चढणार, हे घालून." दार उघडलं, मागे वळली आणि रिकाम्या घराकडे बघून मोठ्याने म्हणाली,

"आजी, येतो मी!"

मी दुरुस्त केलं नाही.