तिसरा खुंट

माझा भाऊ जळबा सिद्धेश्वरच्या धरणावर चौकीदार. लिहिणं-वाचणं बेताचंच, पण पाण्यावरचं धुकं त्याच्याइतकं कुणाला कळत न्हाई. भोयांनी जाळ्यांसाठी पाण्यात तीन खुंट रोवलेले. काठावरून तिसरा दिसला तर विमानाला रस्ता मोकळा, न्हाई दिसला तर थांबवायचं.

हसू नका. धावपट्टीच्या टॉवरमधले विश्वंभरसाहेब रोज सकाळी त्यालाच फोन करायचे, "जळबाभाऊ, खुंट किती?" बारकी विमानं नदी धरून खालून येतात, ह्याच पाण्यावरून. त्यातलं एक आमचा प्रमोद चालवायचा, जळबाचं एकुलतं लेकरू. तांबडं फुटायच्या आत बाप काठावर हजर.

मग टॉवर एका खाजगी कंपनीकडं गेला. विश्वंभरसाहेबांना घरी बसवलं. आता म्हणे कंपनीची माणसं लांबच्या शहरात बसून पडद्यावर बघतात. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा! सकाळचा फोन बंद झाला. जळबानं आपणहून लावला तर तिथली पोरगी म्हणाली, "काका, बाहेरची माहिती आम्ही घेत नाही." मोठी विमानं आधी, बारक्यांनी आपलं आपण बघावं. प्रमोद म्हणायचा, "आत्या, आमाला आता कुणी इचारत न्हाई." मी म्हटलं, सोड बाबा ती नोकरी. ऐकतो कशाचा!

पौषातली सकाळ होती. पाण्यावर एक बी खुंट दिसंना. धावपट्टीवर मात्र लख्ख ऊन, म्हणून कंपनीनं प्रमोदला येऊ दिलं. जळबानं कंपनीला फोन लावला, नुसतं गाणं वाजत राहिलं. प्रमोदला लावला, पण विमानात त्याचा मोबाईल बंद असायचा. शेवटी हा येडा काठावर उभा राहून गमछा हलवून राहिला. धुक्यात कुणाला दिसतंय ते! आवाज डोक्यावरून गेला, वळून माघारी आला अन् पाण्यात थांबला.

भोयांनी लेकराला बाहेर काढलं, पण त्यात जीव राहिला नव्हता.

चौथ्या दिवशी कंपनीच्या साहेबाचा जळबाला फोन आला. रिपोर्ट लिहायचाय, धुकं किती होतं ते तुम्हीच सांगा म्हणे.

"आता काहून इचारता, मेल्यांनो!" मी फोन हिसकायला गेले. जळबानं माझा हात बाजूला केला. फोन कानाला तसाच धरून तो चपला घालून काठावर गेला. पाण्यातले खुंट बोटानं मोजले.

"साहेब," तो म्हणाला, "आज तिन्ही दिसून राहिले. येऊ द्या आमच्या प्रमोदला."