सासूबाईंचा हिरवा ठिपका

माझ्या सासूबाई कुठल्याही गोष्टीकडे एकदाच बघतात. मला पहिल्यांदा बघितलं तेव्हाही एकदाच बघितलं, "चालेल" म्हणाल्या आणि चहाचे कप उचलून आत गेल्या. चालेल! जशी काही मी बदलून आणलेली पाण्याची तोटीच होते. हा राग मी बरीच वर्षं जपून ठेवला. मग त्यांच्याच कारखान्यात पॅकिंगला लागले आणि कळलं, की "चालेल"च्या वरचा शब्द त्यांच्याकडे नाहीच.

कारखाना सरकारनं काढलेला. सैन्याच्या दुर्बिणी किती दिवस बाहेरून आणायच्या, म्हणून तो सुरू झाला, आणि माणसं भिंगं घासायला शिकलीच आहेत तर लोकांसाठी कॅमेरेही होऊ देत, असं ठरलं. सासूबाई कॅमेऱ्याच्या विभागात होत्या, सासरे शेजारच्या खोलीत भिंगं घासायचे. त्यांचं तिथेच जमलं. लग्नाचा फोटो कारखान्याच्याच कॅमेऱ्यानं काढलेला आहे आणि त्यात सासरे पुसट आलेत. "कॅमेऱ्याचा दोष नाही, हेच हलले," असं सासूबाई अजून सांगतात. पुढे कॅमेरे बंद झाले, सासरे गेले, आणि सासूबाई दुर्बिणींच्या तपासणीवर आल्या.

दुर्बिणीच्या दोन्ही नळ्या अगदी एका दिशेला बघायला हव्यात. केसभर फरक पडला तरी एकाचे दोन दिसतात. पण डोळे फार सांभाळून घेणारे असतात. क्षणभर दोन दिसतात, मग ते ओढूनताणून दोनाचं एक करतात आणि आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे. भोगावं लागतं ते डोक्याला, नंतर ठणकून. म्हणून तपासणीचा नियम होता, पहिली नजर खरी, दुसरी खोटारडी. डोळे मिटायचे, दुर्बीण लावायची, डोळे उघडून खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे बघायचं. त्याच क्षणी टाकी एकच दिसली, तर बिजागरीखाली हिरव्या रंगाचा ठिपका. तपासायचं मशीनही होतं, पण एकच, आणि तेही निम्मा वेळ आजारी. त्यावर एखाददुसरा नमुना जायचा. बाकी सगळा माल सासूबाईंच्या नजरेवर.

माझा नवरा, त्यांचा एकुलता एक मुलगा, सैन्यात आहे. डोंगरातल्या चौकीवर बसून समोरच्या कड्यावर नजर ठेवायची, हे त्याचं काम. रविवारी संध्याकाळी त्याचा फोन येतो. एकदा तो लहान मुलासारखा ओरडलाच, "आई, इथे आलेल्या दुर्बिणीवर तुझा ठिपका आहे!" सासूबाई "बरं बरं" म्हणाल्या, पण त्या दिवशी त्यांनी माझ्या हातच्या चहाला नावं ठेवली नाहीत. एवढ्यावरून काय ते ओळखा.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याचं डोकं दुखायला लागलं. तो म्हणायचा थंडी, मी म्हणायचे जागरण, आणि सासूबाई मला ऐकू जाईल अशा बेतानं भांड्यांना सांगायच्या, "बायकोनं फोनवर कटकट केली की दुखणारच." माणूस इतका लांब असला की त्याची साधी शिंकसुद्धा छातीवर येऊन बसते.

अशात सैन्याकडून एक पेटी परत आली. पॅकिंगला असल्यामुळे ती मीच उघडली. वर साधी तक्रार होती, वापरणाऱ्यांची डोकी दुखतात. मी एकेक दुर्बीण उलटी केली. सगळ्यांवर हिरवा ठिपका.

आमच्या फोरमननं त्यातली एक मशीनवर चढवली. दोन नळ्यांतून पडद्यावर प्रकाशाच्या दोन फुल्या पडतात, त्या एकमेकींवर बसायला हव्यात. त्या शेजारी शेजारी पडल्या. मग त्यानं दुर्बीण सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी डोळे मिटले, उघडले.

"एक टाकी," त्या म्हणाल्या.

"सूनबाई, तुम्ही बघा," फोरमन मला म्हणाला.

मी बघितलं. टाक्या दोन होत्या. मग हळूहळू सरकत एक झाल्या आणि माझ्या भुवयांमध्ये कळ आली. मी सासूबाईंकडे बघायचं टाळलं. बोललं तरी पंचाईत, गप्प बसलं तरी पंचाईत.

त्यांनी विचारलं, "किती?"

"दोन, आई."

त्या खुर्चीत बसल्या. इतकी वर्षं तेच काम करून त्यांचे डोळे इतके तरबेज झाले होते, की दोनाचं एक करायला त्यांना क्षणसुद्धा लागत नव्हता. पहिली नजरच खोटी बोलायला लागली होती, आणि ती खोटी बोलते हे त्यांना कळायला मार्गच नव्हता.

फोरमन माणूस वाईट नव्हता. खाली वाकून म्हणाला, "बाई, ही पेटी मी गुपचूप दुरुस्त करून पाठवतो. तुम्हाला दुसरं काम देतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. ठिपक्यावरचा विश्वास उडाला, तर सगळ्या कारखान्याची अब्रू जाईल."

माझं डोकं फिरलं. अब्रू कारखान्याची, आणि कड्यासमोर बसलाय माझा नवरा! पण सासूबाईंनी दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावलेली बघितली आणि तोंड मिटलं. घरी आल्यावर त्या खिडकीत उभ्या राहून समोरच्या दिव्याच्या खांबाकडे बघत राहिल्या. एक डोळा मिटायच्या, मग दुसरा, मग दोन्ही उघडायच्या.

"अगं, किती खांब आहेत?"

"एकच आहे, आई. खरंच एकच आहे."

"मला कसं कळणार?" त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

रविवारी फोन आला. मी स्पीकर लावला. सासूबाईंनी ना थंडी विचारली ना जेवण.

"तुझ्याकडे माझ्या ठिपक्याची दुर्बीण आहे ना? ती वापरू नकोस."

तो हसला. "अगं, एकच कुठली? इथल्या सगळ्यांना मी भांडून भांडून तुझ्याच ठिपक्याच्या मिळवून दिल्यात. जुन्या परदेशी होत्या त्या परत पाठवल्या."

सासूबाईंनी विचारलं, "एकाचे दोन दिसतात का रे?"

"दमलो की दिसतात. आता सवय झालीय. कड्यावर दोन माणसं दिसली की आम्ही एकच धरतो."

"आणि खरंच दोन असली तर?"

मला त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याला आत्ता, या क्षणी, कड्यावरचं काय काय आठवत असेल, ते मला विचारवेना.

"एक डोळा मीट," सासूबाई म्हणाल्या. "एकाच नळीतून बघा. सगळ्यांना सांग. आईनं सांगितलंय म्हणून सांग. आईचा ठिपका खोटा आहे म्हणून सांग."

दुसऱ्या दिवशी सासूबाई फोरमनकडे न थांबता थेट मोठ्या साहेबांच्या खोलीत शिरल्या. मी मागोमाग होतेच. "माझ्या ठिपक्याचा सगळा माल परत मागवा," असं म्हणून त्यांनी रंगाची बाटली आणि ब्रश साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले, बसा. त्या बसल्या नाहीत. चौकशी होईल, नावाला बट्टा लागेल, हे साहेबांनी परोपरीनं समजावलं. "लागू दे," त्या म्हणाल्या. "पण आधी डोंगरातल्या चौकीचा माल मागवा." या बाईचा मी इतकी वर्षं राग केला, याची मला लाज वाटली आणि तिथेच रडू आलं.

माल परत येऊ लागला. चौकीवर मशीनवर तपासलेल्या दुर्बिणी गेल्या. पुढच्या रविवारी फोन वाजला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तू घे." मी स्पीकर लावला.

"नव्या आल्या," तो म्हणाला. "आईला सांग, एकच दिसतं."

सासूबाई फोनकडे वाकल्या. "पहिल्या नजरेला?"

"हो," तो म्हणाला. पण ते "हो" यायला जरा वेळ लागला, दोनाचं एक व्हायला लागतो तेवढा.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. एकदाच.