अक्काच्या पिशवीतली वायर

आमच्या घरात चार्जिंगची वायर विकत आणली जात नाही. मेलेले चार्जर, तुटलेले माउस, कुणीतरी कंटाळून टाकलेले हेडफोन मी गोळा करतो. मंगळवारच्या बाजारात भंगारवाल्याच्या पोत्यात हात घालून पिना शोधतो आणि एकाचं डोकं दुसऱ्याच्या शेपटाला जोडून यूएसबीच्या वायरी तयार करतो. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होतो, तिथंही दुरुस्त होण्यासारखं काही कुणाला फेकू दिलं नाही. बायको म्हणते, लोक निवृत्त झाले की देवधर्माला लागतात, हे वायरींच्या नादी लागलेत. म्हणू दे. आमच्या निम्म्या नातेवाइकांचे फोन माझ्या वायरींवर चालतात आणि हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही.

दिसायला मात्र त्या वायरी अगदीच ओंगळ. जोडावर काळी टेप, टेपवर आणखी टेप. एकच वायर मी हौसेनं केली होती, देवघरातल्या एका छोट्या दिव्यासाठी. तो दिवाही भंगारातलाच. त्याला नवी खाच बसवताना माझ्याकडून प्लस-मायनसची अदलाबदल झाली आणि ते लक्षात येईपर्यंत झाकण फेविक्विकनं पक्कं बसलं होतं. उघडायला जावं तर दिवाच फुटणार. मग मी डोकं चालवलं. वायरीच्या मधल्या जोडात लाल तार काळीला आणि काळी लालला जोडली. चूक दिव्यात होती, दुरुस्ती वायरीत केली. दिवा झकास लागला. शेजारच्या तेलुगू कुटुंबाचा टॉवेलचा कारखाना आहे, त्यांच्याकडून मागावरचं उरलेलं पिवळं-हिरवं सूत आणून मी ती वायर टोकापासून टोकापर्यंत गुंडाळली. बघणाऱ्यानं हातात घ्यावी अशी दिसायची.

पुढं दिवा बिघडला आणि वायर खुंटीवर राहिली. खरं तर तेव्हाच कापून टाकायला हवी होती. कारण दिव्याला ती चालत होती, पण फोनला लावली तर वीज उलटी शिरून फोन कायमचा बसण्याची भीती. पण इतकी देखणी वायर कापायला हात धजावला नाही.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, माढ्याजवळच्या एका वस्तीवर राहते. उन्हाळ्यात चार दिवस माहेरपणाला म्हणून ती आमच्याकडे आली होती. शनिवारी सकाळी निघाली, तेव्हा मी अंघोळीला गेलो होतो. बायकोनं तिची पिशवी भरली. शेंगाचटणी, कडक भाकरी, एक चादर, खण. निघता निघता अक्का म्हणाली, माझी चार्जरची वायर उंदरानं खाल्लीय, बाजारातनं एक घ्यायची हाय. बायको म्हणाली, बाजारातनं कशाला वन्सं, आपल्या घरात तर कारखानाच आहे.

आता माहेरवाशिणीच्या पिशवीत घालायचं ते घरातलं चांगलं घालावं, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. टेप गुंडाळलेल्या वायरी नणंदेला द्यायला बायकोला लाज वाटली. तिनं खुंटीवरची सुताची वायर काढून दिली.

रविवारी सकाळी मला खुंटी रिकामी दिसली.

"इथली वायर कुठं गेली?"

"वन्संना दिली. पीन त्यांच्या फोनची आहे का, ते बघूनच दिली."

पीन बरोबरच होती, तिथंच तर घोटाळा होता. मी काय ते सांगितलं आणि बायकोचा चेहरा उतरला. "मग तसं कधी बोलला होतात का?" ती म्हणाली. बोललो नव्हतो. पण त्या क्षणी मी तिच्यावरच उखडलो. माझा स्वभाव तसा आहे, आधी आवाज चढतो आणि अक्कल मागून येते.

एरवी एखादा फोन गेला असता तर मी नवा घेऊन दिला असता आणि चार शब्द ऐकून घेतले असते. पण अक्काचा मुलगा मालवाहू जहाजावर आहे. जहाज पाण्यात असलं की त्याचा पत्ता नसतो. बंदराला लागलं की तो व्हिडिओवर आईला तोंड दाखवतो, ते पण थोडाच वेळ, आणि मग पुन्हा गडप. या रविवारी दुपारी फोन करतो असा त्याचा निरोप आला होता. चार दिवस अक्का आमच्याकडे होती, त्यात तिनं हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं. दाजींचा फोन बटणांचा. त्यावर पोरगा दिसणार नाही. जे काही होतं ते अक्काच्या त्या जुन्या फोनवर होतं.

मी फोन लावला. बंद. परत लावला. बंदच. दाजींचा लावला, तो वाजून वाजून थांबला. दाजींचा फोन बहुतेक वेळा खुंटीवरच्या सदऱ्यात असतो आणि दाजी दुसरीकडे असतात, हे सगळ्या भावकीला माहीत आहे. पण अक्काचा फोन बंद म्हणजे माझ्या वायरीनं काम केलं, याबद्दल मला शंका उरली नाही.

तसाच निघालो. कपाटातला माझा जुना फोन घेतला, अक्काचा गेला असेल तर तिचं सिम यात घालू म्हणून. तारा तपासायचा मीटर घेतला, का ते देव जाणे. आणि घरात धडधाकट वायरींचा ढीग असताना एकही वायर घेतली नाही, हे एसटी सुटल्यावर कळलं. मी देवाला सहसा त्रास देत नाही. पण त्या दिवशी वाटेतलं मोहोळ मागं पडेपर्यंत मी त्याला बोलायला उसंत दिली नसेल. डोळ्यांसमोर सारखी अक्का दिसत होती, काळ्या पडद्यावरून पदर फिरवत बसलेली.

एसटीतून उतरून वडापची जीप धरली आणि वस्तीवर पोचलो. अक्का अंगणात खाटेवर पापड वाळत घालत होती. मला बघून तिच्या हातातला पापड तसाच राहिला.

"आरं, तू? काय झालं? समदी बरी हायत न्हवं?"

"बरी हायत. फोन कुटं हाय तुझा?"

"कुणाचं काय झालं ते आदी सांग."

"काय झालं न्हाय गं. फोन कुटं हाय?"

तिनं घराकडं बोट केलं. आत गेलो. भिंतीवरच्या बोर्डाला चार्जर, चार्जरला माझी पिवळी-हिरवी वायर, वायरीला फोन, आणि बटण खाली दाबलेलं. मी झडप घालून वायर उपसली.

"आरं, काडू नगं," अक्का मागनं आली. "लाईट न्हाय कालधरनं. डीपी जळलीया. माजा फोन तर यष्टीतच बंद पडला. लाईट आली की आपसूक चारजिंग व्हईल, म्हनून लावून ठिवलाय."

मी खालीच बसलो, जमिनीवर. आयुष्यभर लाईट गेली की मी वीज मंडळाच्या नावानं खडे फोडत आलो. त्या दिवशी वस्तीच्या त्या जळालेल्या डीपीला, ट्रान्सफॉर्मरला, मी मनातल्या मनात हात जोडले. इतका वेळ तहान लागली होती, हे तेव्हा कुठं लक्षात आलं. अक्कानं पाणी आणलं. मी तांब्या रिकामा केला आणि मग तिला सगळं सांगितलं, दिव्यापासून मोहोळपर्यंत.

ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"मला वाटलं, कुणीतरी गेलं," ती म्हणाली. "तू हितं येतोस कवा? लगीन आसलं तर, न्हाईतर मयताला. तुला दारात बगून माजं काळीज लक्कन हाललं."

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. पण मी आठवायला लागलो आणि मला तिच्या घरची, कारणावाचूनची एकही खेप आठवेना. दरवेळी तीच येते, आम्ही तिची पिशवी भरतो आणि आपलं कर्तव्य झालं असं समजतो.

"ते ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पन लाईट न्हाय. आता पोरगं कसं दिसायचं?"

फोन वाचला होता, पण त्यात जीव नव्हता. माझा जुना फोन चालू करून पाहिला, त्यातही तळालाच काय ती चार्जिंग. तेवढ्यात दाजी बाजारातनं मोटरसायकलवर आले. हँडलला मोबाइलसाठी चार्जर बसवलेला होता. पोराच्याच हौसेनं बसवलेला, पण वायरीअभावी धूळ खात पडलेला. मी दाजींना गाडी बंद करू नका म्हणालो. ते बिचारे रामराम करायला उतरत होते, तसेच बसून राहिले.

मी सूत उसवलं, विळीवर जोड कापला, दातांनी तारा सोलल्या. लाल लालला, काळी काळीला. विहिरीच्या मोटारीसाठी दाजींनी ठेवलेली काळी टेप वर गुंडाळली. मीटर लावून कोणती तार कुठं जाते ते तपासलं, आणि तपासून झाल्यावर पुन्हा तपासलं. तरी अक्काचा फोन लावायची हिंमत होईना. आधी माझा लावला. पडद्यावर चार्जिंगची खूण आली. जरा वेळ तो हातात धरून गरम होतोय का बघितलं, मग अक्काचा लावला. आम्ही तिघं लिंबाच्या सावलीत धडधडणाऱ्या गाडीभोवती उभे राहिलो. काही वेळानं पडदा उजळला तेव्हा दाजींनी कुणाला दिसू न देता डोळे पुसले आणि पेट्रोल किती उरलंय ते बघू लागले.

फोन आला तोही तिथंच, हँडलपाशी. पोरगा दिसला. दाढी वाढवलेली, मागं पांढरी लोखंडी भिंत. अक्का आधी नुसती बघत राहिली. त्यानं दोनदा "आई, ऐकू येतंय का?" विचारलं. ती "व्हय, येतंय" म्हणाली आणि मग जेवलास का, दाढी का वाढवलीस, अंगावर काढू नगंस, असं सगळं एका दमात झालं. त्याला गाडीचा आवाज ऐकू गेला. आई, कुठं निघालीस, असं त्यानं विचारलं.

"कुटं न्हाय. घरीच हाय. मामा आलाय बग."

"मामा? काय कार्यक्रम आहे का?"

"कार्यक्रम कशाला पायजे," अक्का म्हणाली. "सहज आलाय. भनीला बगायला."

ती माझ्याकडे बघत नव्हती. थोड्या वेळापूर्वीच मी तिला सगळं सांगितलं होतं आणि ती पोट धरून हसलीही होती. तिनं फोन माझ्याकडं वळवला. जहाजावरचं ते पोरगं खुळ्यासारखं माझ्याकडं बघून हसत होतं.

"मामा, खरंच सहज आलात?"

"व्हय रे," मी म्हणालो, "मुक्कामाला आलोय."

अक्कानं फोन स्वतःकडं वळवून घेतला आणि दाजींना पुरणासाठी डाळ भिजत घालायला सांगितलं.