एसीवाल्या काकांचा डावा गाल

ते गाडीत बसायचे, एसी चालू करायला लावायचे आणि एसीच्या तोंडाला डावा गाल लावून डोळे मिटायचे. आपण काही बोलायला गेलो की बोट वर. "थांबा मॅडम. गाल आयकून राह्यला."

तुम्ही पांढरकवड्याचे असाल तर हा गाल तुम्ही पाहिलाच असेल. काका गेले त्याला आता वर्ष होईल. हायवेला लागून त्यांची टिनाची शेड होती आणि तिथे ते फक्त गाड्यांचे एसी दुरुस्त करत. डावा गाल रोज सकाळी गुळगुळीत आणि उजव्यावर आठवड्याची दाढी. एकदा मी न राहवून विचारलंच.

"उजव्याले काय समजते?" ते म्हणाले. "त्याच्यावर कायले साबण वाया घालू?"

हात लावून पाहणं त्यांना मान्य नव्हतं, कारण हात तेला-ग्रीसने राठ झालेले. गॅसचं प्रेशर पाहायचं मीटर होतं, पण ते देवाच्या फोटोशेजारी खिळ्याला टांगलेलं असे आणि दसऱ्याला तेवढं खाली येऊन हळदकुंकू लावून घेई.

आणि गाल चुकत नसे, हे मानावंच लागेल. मी शिक्षिका. केळापूरच्या पुढच्या एका शाळेत रोज जुन्या गाडीने जायची. एका फेब्रुवारीत एसी गरम हवा फेकायला लागला. दुसरीकडे दोनदा गॅस भरून झाला, फरक शून्य. काकांनी गाल लावला आणि म्हणाले, "गॅस भरपूर हाय. गाडीले दम लागून राह्यला." बॉनेट उघडून त्यांनी समोरच्या जाळीतून मूठभर कापूस ओढून काढला, मग आणखी एक मूठ. महिनाभर मी जिनिंगला जाणाऱ्या कापसाच्या ट्रकमागून गाडी हाकत होते ना! "मॅडम, तुमची गाडी गादी भरून राह्यली." पाण्याचा फवारा मारून जाळी धुतली आणि दहा मिनिटांत मला शाल आठवली.

मग एका संक्रांतीनंतर त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. हात-पाय सुधारले, पण चेहऱ्याची डावी बाजू बधिर राहिली. पाडव्याला शेड उघडली, तेव्हा शेजारी काकू उभ्या होत्या. "माहा गाल सुट्टीवर हाय," काकांनी जाहीर केलं. "तवरिक हिचा चालन."

काका अंदाजाने काहीतरी दुरुस्त करायचे. काकू पदर सावरून पुढच्या सीटवर बसायच्या आणि एसीला गाल लावायच्या. "कसा हाय?" काका विचारायचे. त्यांचा तो एका बाजूने उतरलेला चेहरा बघून काकू दरवेळी म्हणायच्या, "गारेगार." काका समाधानाने बॉनेट आपटायचे. आत भट्टी पेटलेली असायची.

पहिल्याच आठवड्यात मी गाडी दाखवायला नेली, तेव्हा काकूंनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, कोणाले सांगू नोका. शेड बंद झाली तं थे घरात बसतीन. आन घरात बसले का खचतीन."

मी कोणाला सांगणार? काकूंचं गावात सगळ्यांना तेच सांगून झालं होतं.

त्या उन्हाळ्यात आपण काय केलं, ते आठवतं का? तुम्हीही त्यात होतात, नाही म्हणू नका. शेडसमोरून जाताना काचा वर आणि चेहऱ्यावर थंडावा. शेड दिसेनाशी झाली की चारी काचा खाली! किराणावाले शेठ टोपीखाली ओला दुपट्टा ठेवून गाडी चालवत. एका नवरदेवाला गाडीतच भोवळ आली, तर वऱ्हाडाने पित्त झालं म्हणून सांगितलं. एसी दुसऱ्या गॅरेजात दाखवायचीही कोणाची छाती नव्हती. काकांच्या कानावर गेलं असतं तर?

मे महिन्यातल्या एका दुपारी काकांनी शेडपुढेच माझ्या गाडीला हात दाखवला. दवाखान्यात जायचं होतं. ते आत बसले. काचा बंद, एसी पूर्ण जोरात. दोन मिनिटांत त्यांच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, तुम्ही ओल्या काहून झाल्या?"

"पाण्याची बाटली सांडली."

"डोक्यावर?"

त्यांनी हात लांबवून काच खाली केली. मे महिन्याची झळ आत आली आणि खरं सांगते, बरं वाटलं.

"कधीपासून?"

"पाडव्यापासून."

"अजून कोणाच्या गाड्या?"

"सगळ्यांच्याच."

मला इतकी लाज वाटली की मी रस्त्याकडेच बघत राहिले. शेजारून खुसखुस ऐकू आली. काका हसत होते. हसू चेहऱ्याच्या उजव्या अर्ध्यावरच होतं, पाणी मात्र दोन्ही डोळ्यांत आलं होतं.

"अख्खं गाव शिजून राह्यलं माह्यापायी," ते म्हणाले. "गाडी फिरवा. दवाखाना उद्या."

शेडमध्ये त्यांनी काकूंना माझ्या सीटवर बसवलं आणि समोर उभे राहिले. "लाव गाल. खोटं बोलशीन तं आज जेवणार नाही."

काकूंनी गाल लावला. त्यांनी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत काकांकडे.

"गरम हाय," त्या हळूच म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

"किती गरम?"

"चुलीपुढं बसल्यावानी."

"शाब्बास!" काका ओरडले. बाह्या सरसावून त्यांनी बॉनेट उघडलं आणि डोकं आत घातलं. आतूनच हाक आली, "तिथंच बसून राह्य. मी सांगतो तवा पुन्हा सांग. जसं हाय तसं सांग."