घरटी एक माणूस

मिनिडोर रिक्षा गावातून निघाली तेव्हा ओहोटी होती. धरमतरच्या खाडीत चिखल उघडा पडला होता आणि मालाचे बार्ज जेट्टीला टेकून उभे होते. मागच्या सीटवर दोन बॅगा, पोह्याच्या पापडांचं पुडकं आणि मी; पुढे ड्रायव्हरशेजारी चुलतभाऊ निलेश. पेणहून विमानतळाची गाडी मिळणार होती. आई बांधापर्यंत चालत आली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "बांधावर घरटी एक मानूस लागतो. इचारलं तर आपल्या घरचा कोन सांगू?"

"दोन वर्षांत येतो," असं सांगितलं. ते तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. वडील गेल्यापासून बांधावर आमच्या घरचा माणूस मी होतो.

हा बांध ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: खाडीकाठची आमची भातशेती भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. मातीचा बांध आहे म्हणून शेत आहे. उधाणाला बांध फुटतो, त्या भगदाडाला खांड म्हणतात. खांड ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने "धावा रं" अशी हाक मारायची आणि पाण्याला पाठ देऊन स्वतः खांडीत बसायचं. बाकीचे हातातलं काम टाकून येतात, त्याच्याभोवती पेंढा आणि चिखल रचतात. शेत कुणाचं, हे विचारायचं नसतं. खारं पाणी एकदा आत शिरलं की पुढची काही वर्षं तिथे भात होत नाही.

पेणच्या एका दैनिकासाठी तालुक्याच्या बातम्या देत असताना ही बातमी दर पावसाळ्यात लिहिली. गावाचं नाव बदलायचं, मथळा तोच: 'खारे पाणी शेतात, पंचनाम्याची मागणी'. पुढे ते पानच बंद झालं. निलेश रोह्याला एका कंपनीत कंत्राटावर होता, त्याचंही कंत्राट संपलं. हंगेरीतल्या कारखान्याला माणसं हवी आहेत, असं एका एजन्सीने सांगितलं. हंगेरी नकाशात शोधावी लागली. तिला समुद्र नाही, हे तेव्हाच कळलं.

तिथे कारखान्याच्या हॉस्टेलच्या तळघरातल्या हॉलमध्ये रविवारी हंगेरियन भाषेचा वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या इलोना निवृत्त शिक्षिका होत्या. तिकडे वयस्क बाईला नावापुढे नेनी लावतात, आपल्याकडच्या मावशीसारखं. इलोना नेनीने सुरुवात बहुवचनापासून केली. शब्दाच्या शेवटी क. एम्बेर म्हणजे माणूस, एम्बेरेक म्हणजे माणसं. आधी आकडा आला तर मात्र क लावायचा नाही. हंगेरीत पाच माणूस असतात आणि शंभर असले तरी माणूसच. त्यानंतर कर्म. ज्याच्यावर क्रिया होते त्याला त. वीझ म्हणजे पाणी, पण पाणी अडवायचं तर विझेत. आपण मराठीत पाणी अडवतो आणि माणसाला अडवतो; जिवंत असेल त्याला वेगळा प्रत्यय. हंगेरियनमध्ये ती सोय नाही. पाणी, यंत्र, माणूस, सगळ्यांना एकच त.

"बरा हाय," निलेश म्हणाला. "मशीनला त, मला पन त. कंपनीनंच केलेलं दिसतंय ह्यांचं व्याकरन."

तो अभ्यास करत नसे. विचारलं की म्हणे, "मला बोलायचं हाय कुनाशी? मशीनला मराठी कलतं."

एका रविवारी नेनीने फळ्यावर नदी काढली आणि तिच्या काठाने जाड रेघ ओढली. ती नदीकाठच्या गावातली. तिच्या लहानपणी पूर चढला की चर्चची घंटा वाजायची आणि सगळं गाव रेतीच्या गोण्या घेऊन बांधावर जायचं. निलेशने त्या दिवशी पहिल्यांदा वही काढली. "म्हातारी आपल्यातलीच हाय रे," तो म्हणाला.

पुढे झालं ते असं. दुसऱ्या पाळीत निलेशच्या मशीनपासून काही अंतरावर थंड पाण्याचा पाइप फुटला. पाणी विजेच्या पेटीकडे जाऊ लागलं. कारखान्याचा नियम असा की लाल बटण दाबायचं, आपल्या जागेवर उभं राहायचं आणि दुरुस्तीच्या माणसांची वाट पाहायची. निलेशने बटण दाबलं नाही. "धावा रं" म्हणून ओरडला, मशीन सोडून धावला आणि जॅकेट काढून फुटलेल्या जागी कोंबलं. मग पाइपला पाठ लावून खाली बसला. लाइनवर बरीच माणसं होती. कुणीही जागा सोडली नाही. दुरुस्तीवाले आले तोवर तो तसाच बसून होता. पेटी कोरडी राहिली. त्याच्या मशीनमध्ये मात्र माल अडकून लाइन थांबली.

पॅकिंगच्या इमारतीतून मला दुभाषा म्हणून बोलावलं. काचेच्या खोलीत सुपरवायझर आणि एजन्सीचा प्रतिनिधी होते. निलेशचे कपडे ओले होते. काम गेलं तर परवाना जातो आणि परवाना गेला तर देश सोडावा लागतो, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

त्याने मशीन सोडलं का? मशीन सोडलं. त्याने काय पाहिलं? पाणी पाहिलं. काय केलं? पाणी अडवलं. प्रत्येक उत्तरात त जागच्या जागी होता.

"तो ओरडत काय होता?" सुपरवायझरने विचारलं.

निलेशला मराठीत विचारलं. "हाका मारत होतो. अजून काय!"

"कुणाला?"

"सगल्यांना. मानसांना."

एम्बेरेकेत. आधी क, मग त. नेनीने आदल्याच रविवारी शिकवलं होतं.

सुपरवायझर म्हणाला, "कुठल्या माणसांना? प्रत्येकाला त्याची जागा आहे." मग माझ्याकडे वळून, अगदी मनापासून, तो म्हणाला की माझी हंगेरियन चांगली झाली आहे.

काय म्हणतोय, असं निलेशने विचारलं. सांगितलं. तो हसला. "मंग पेढं वाट."

त्याच आठवड्यात त्याला परत पाठवलं. नेनीला कळलं तेव्हा ती बराच वेळ फळा पुसत राहिली. तिच्या हातात काही नव्हतं. तिने त्याच्यासाठी वाळवलेल्या मिरच्यांची माळ दिली. ती गावात आमच्या ओट्यावर टांगली आहे, असं आई फोनवर सांगते.

या पावसाळ्यात मोठ्या उधाणाला बांधाला खांड पडली. निलेशचा फोन आला. त्याने तेच केलं, जे कारखान्यात केलं होतं.

"बसलो खांडीत. वरडलो. गावात हाय कोन ऐकायला? पोरं रोह्याला पाळीवर, उरलेली तुमच्यासारखी इमानात बसून गेलेली. तीन बाया आल्या नि काकी आली."

काकी म्हणजे माझी आई. तिचे गुडघे गेलेले आहेत. ओट्याची पायरी उतरताना ती खांबाला धरते.

"तिला कशाला येऊ दिलं?"

"मी म्हनलो, काकी, तू नको उतरू गो. तर चिखलात उतरून माझ्यासमोर उभी. म्हने, घरटी एक मानूस लागतो, आमच्या घरचा मी."

"मग?"

"मंग काय. पानी गेलं आत."

फोन ठेवल्यावर मथळा आपोआप तयार झाला. तो कुठेही छापून आला नाही.

सोडून गेलेल्यांना घर म्हणजे काय, असं लोक विचारतात. आमच्या गावात त्याला साधी व्याख्या आहे: ज्याच्या नावाने बांधावर एक माणूस मोजणीत धरतात, ते घर. शेत आता खारं झालं आहे, पण त्या दिवशी आमचं घर धरलं गेलं. माणूस आई होती.