श्वासाला जागा नसलेलं पान

"रविवारच्या कार्यक्रमाला तुम्ही बँडचा ड्रेस घालून या," सर म्हणाले. "बाकीचे तिघं काळ्या कुर्त्यात असतील. तुम्ही लाल कोट, सोनेरी झालर. लोकांना मजा वाटेल."

फ्लूटवाली हसली. ओबोवाला हसला, क्लॅरिनेटवाला हसला. मीपण हसलो. त्या हसण्याची लाज अजून गेली नाही.

मी मुकुंदवाडीचा. वीस वर्षं लग्नांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट फुंकलं. मग एका मोडलेल्या बँडच्या भंगारातून बासून उचललं. लाकडाचं, लांबलचक, खर्जातलं वाद्य. मराठवाड्यात दुसरं नाही. लासूर स्टेशनला उभं राहून फुंकलं तर खुलताबादच्या टेकडीवरच्या शेळ्या चरायच्या थांबतात. खोटं वाटत असेल तर शेळ्यांना विचारा.

सर परदेशात संगीतरचना शिकून आलेले. त्यांनी चार फुंकवाद्यांसाठी रचना लिहिली, छोट्या दालनात मोजक्या लोकांनी बसून ऐकायची. त्यांना माझं बासून पाहिजे होतं. मला माझी रचना ऐकायची होती. चार वाद्यांची, आठ मिनिटांची, माझ्या डोक्याबाहेर कधीच न वाजलेली. "शेवटी तुमची घेऊ, काका. नक्की," सर म्हणाले. त्या एका शब्दावर मी दोन महिने तालमीला गेलो.

आणि जळत राहिलो. त्यांची रचना भिकार असती तर सुखानं झोपलो असतो. ती चांगली होती. दुसरा भाग तर असा, की तो मला का सुचला नाही म्हणून मी तीन दिवस भाकरी नीट चावली नाही. त्यांच्या लिहायच्या टेबलाचा मला मत्सर वाटायचा. एकट्यानं लिहीत बसता यावं म्हणून बंद होणाऱ्या त्यांच्या दाराचा वाटायचा. माझ्या अंगावर अख्ख्या गल्लीचा स्वयंपाक शिजला असता.

आमचे बँडमास्तर बन्सीमामा म्हणायचे, "लई जळू नको रं. पत्ती करपंल तुझी." पत्ती म्हणजे तोंडात धरायची रीड.

ड्रेसचं बोलणं झालं, त्याच तालमीत मी माझी वही पुढं केली. सरांनी दोन पानं उलटली.

"हे सुरांखाली आकडे कसले?"

"पावलं. आम्ही चालत वाजवतो. कितव्या पावलाला श्वास घ्यायचा ते."

"काका, ही वरात नाही." त्यांनी वही मिटली, तिच्यावर चहाचा कप ठेवला. "तुमचं पुढच्या वेळी बघू. चला, दुसरा भाग."

त्या दुसऱ्या भागात बासूनला चाळीस मात्रांची संथ ओळ होती. मध्ये श्वासाला जागाच नाही. कॉम्प्युटरवर लिहिलेली, आणि कॉम्प्युटरला फुप्फुस नसतं. दोन महिने मी कुठं एक सूर गिळून, कुठं क्लॅरिनेटच्या आडून हवा चोरत होतो. कुणाला कळलं नाही. ज्या रचनेवर मी जळत होतो, तिला मीच जिवंत ठेवत होतो. कपाकडं बघताना हे डोक्यात लख्ख झालं.

मी कागदावर होतं तसंच वाजवलं. सव्विसाव्या मात्रेला हवा संपली. मी थांबलो. सगळे थांबले.

"रोज तर जमत होतं," सर म्हणाले.

"रोज चोरून श्वास घेत होतो."

"मग आजही घ्या."

"नाय घेणार. श्वास कुठं घ्यायचा ते कागदावर लिहा. ते कुणी दाखवलं, त्याचं नाव लिहा. माझी रचना रविवारी वाजवा. आणि मी काळ्या कुर्त्यात येणार."

"तुम्ही मला अटी घालताय?"

"व्हय."

कप उचलला. वही घेतली. बासूनचे तुकडे सुटे करून पेटीत भरले. ते भरायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात एकानंही 'थांबा' म्हटलं नाही.

रविवारी त्यांनी बासूनच्या जागी कॉम्प्युटरचा आवाज लावला. टाळ्या पडल्या, म्हणे. ऐकून पुन्हा जळलो. आजही जळतो, लपवत नाही.

पण आता उसन्या दालनाची वाट बघणार नाही. तीन वादक मी जमवीन. आमच्या बुद्धविहारात, आमच्या माणसांपुढं ती आठ मिनिटं वाजवीन, माझ्या नावानं. वाईट निघाली तर फाडीन आणि दुसरी लिहीन. चांगली की वाईट, ते आधी ऐकून ठरेल. न ऐकता वही मिटायचा हक्क मी आता कुणालाच देणार नाही.