दांड्याशी उभं कोण राहणार?

पेटीतून निघालेली पंपाची नळी पाहिली आणि गंगाराम भाटकरांच्या कानशिलाची शीर ताडताड उडू लागली. वीस हात लांब नळी हवी, असं त्यांनी मुंबईला बजावून कळवलं होतं. ही जेमतेम दोन हात होती.

"एवढी पुरते," मुंबईहून आलेले डॉक्टरसाहेब म्हणाले. "लांब नळी विलायतेहून यायची. तोवर काय थांबायचं?"

गंगाराम कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत. माणूस इतका मऊ की वर्गात खडू मोडला तरी ओशाळायचा. दोन उन्हाळे त्यांनी एका मुठीएवढ्या डबीपायी घालवले होते. साहेबांच्या प्रयोगशाळेला एका स्फटिकावर प्रचंड दाब द्यायचा होता, तोही द्रवरूप हवेच्या थंडीत, आणि त्यातले अणू कसे सरकतात ते क्ष-किरणांनी पाहायचं होतं. त्या थंडीत पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं, म्हणून डबी तांब्याच्या मिश्रधातूची. किरण आत जावेत म्हणून मधोमध बेरिलियमचं कडं. कडं जाड केलं तर किरण अडतात, पातळ केलं तर फुटतं. गंगारामांनी आकृती काढली आणि मांडवी बंदरात लाँचची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या हमीदने ती लेथवर उतरवली. डबी टिकली तर दिवाळीत मुंबईला जाऊन प्रयोगाला बसायचं, एवढीच गंगारामांची आस होती.

आधी साध्या हवेत तिला कामाच्या दीडपट दाब द्यायचा होता. फुटली तर कड्याचे तुकडे गोळीसारखे सुटणार. म्हणून तर जांभ्याची ही ओस खाण निवडली होती, आणि म्हणूनच लांब नळी मागितली होती. डबी खड्ड्यात राहील, पंप मारणारा लांब आडोशाला.

"हा गडी मारील पंपाचा दांडा," साहेबांनी धोंडूकडे बोट केलं. "आपण तिकडे वर उभे राहू."

धोंडू चिरे काढणारा गडी. पेट्या वाहायला आला होता. "मारतो की सायब," तो हसला. "मुसळ काय नि ह्यो दांडा काय!"

"थांब रे. ही फुटू शकते, ठाऊक आहे तुला?"

"तुम्हीच केलेली ना, मास्तर? मंग कशी फुटंल?"

त्या भरवशाने गंगारामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते साहेबांकडे वळले. "तुम्ही का नाही राहत दांड्याशी?"

"भाटकर, मला काही झालं तर प्रयोग कोण करणार?"

"आणि ह्याला झालं तर?"

"काही होत नाही हो! तुमचाच तुमच्या आकृतीवर विश्वास नाही?"

"साहेब," पंप जोडणारा हमीद हात पुसत म्हणाला, "एवढा विश्वास आहे, तर वर कशाला चढताय?"

गंगारामांचे वडील मांडवीला होड्या बांधत. नवा मचवा पाण्यात लोटला की त्यात आधी बांधणारा बसायचा, मग मालक. ज्याने फळी बसवली, त्याचंच बूड आधी भिजू दे, असं ते म्हणत.

"दांडा मी मारणार," गंगाराम म्हणाले. "आणि मध्ये चिऱ्यांची भिंत उभी राहिल्याशिवाय मीही मारणार नाही."

"माझी बोट आहे संध्याकाळी!"

"जाऊ द्या बोट."

त्यांनी कोट काढला आणि पहिला चिरा स्वतः उचलला. धोंडूने पहारीने एका चिऱ्यात नळीपुरतं भोक पाडलं. साहेब सावलीत बसून घड्याळ पाहत राहिले. भिंत छातीच्या वर गेल्यावर गंगाराम तिच्याआड वाकून बसले आणि दांडा मारू लागले. दाबाचा काटा चढत चढत खुणेवर आला आणि तिथेच थांबला. डबी टिकली.

"झालं समाधान?" साहेब कपडे झटकत उठले. "फुकट दुपार घालवलीत. फुटली का?"

"नाही फुटली. पण हे तुम्हाला आधी ठाऊक होतं?" गंगाराम भिंतीमागून उठले. "मी केली, मला ठाऊक नव्हतं! मुंबईला पंप कोण मारणार?"

"आमचा शिपाई आहे."

"आणि नळी?"

"हीच."

गंगारामांनी डबी पंच्यात गुंडाळून पिशवीत टाकली. "लांब नळी आणा, मग डबी न्या."

"मग दिवाळीला तुम्हाला कुणी बोलावणार नाही, भाटकर."

"नका बोलावू."

दिवाळीला बोलावणं आलंच नाही. शिमगा झाल्यावर साहेबांचा शिपाई खांद्यावर नळीचं वेटोळं घेऊन दारात उभा राहिला. डबी न्यायला पाठवलं होतं त्याला. गंगारामांनी वेटोळं अंगणात उलगडलं, पायरीपासून थेट विहिरीपर्यंत. पुरती वीस हात भरली. त्यांनी त्याला चहा दिला, डबी दिली.

"दांडा तुम्हीच मारणार ना?"

"होय जी." तो नळीकडे पाहत राहिला. "पण एवढी लांब कशाला हो, सर? पायात येईल."

एवढंही कुणी सांगितलं नव्हतं त्याला! भाटकरांची शीर पुन्हा उडू लागली. त्यांनी त्याचा कप बाजूला ठेवला, त्याचा हात धरला आणि नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याला चालवत नेलं.